कल्हई गेलेल्या पातेल्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे पातेले आहे, आणि मला तुमच्यापुढे एक गुन्हा कबूल करायचा आहे. जुनी भांडी आपली गोष्ट सांगायला बसली की आधी स्वतःचे कौतुक करतात. मीही करणार आहे, कारण सवय लवकर जात नाही. पण ते ऐकताना एवढे ध्यानात ठेवा की माझ्या पोटात शिजलेल्या जॅममुळे एक सहा वर्षांची मुलगी दोन दिवस दवाखान्यात होती. तिचे नाव स्नेहल. मी तिला कधी पाहिलेले नाही.

माझा जन्म एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. त्याने मला इतके ठोकले की त्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत, आणि लोक त्यांना नक्षी समजतात. मार खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, असे तो तांबट म्हणायचा. त्याचे म्हणणे खरे असेल, पण मार खाणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. उरणच्या एका दुकानदाराने मला आपल्या मुलीच्या लग्नासाठी विकत घेतले. ती मुलगी म्हणजे साबिरा. तिच्याबरोबर मी पनवेलला आले, त्याला आता छत्तीस वर्षे झाली.

साबिराचा नवरा मुश्ताक लग्नानंतर दोन महिन्यांतच कुवेतला नोकरीला गेला. घरात नवी नवरी, दूर गेलेला नवरा, आणि वर डोहाळे. तिला आंबट खावेसे वाटे. अशात एके दिवशी बाजारात तिला भामा भेटली. भामा चिरनेरची आगरी बाई, तिच्याच वयाची. डोंगरातली करवंदे टोपलीत घेऊन बसली होती आणि परतीच्या एसटीची वेळ झाली म्हणून घाईत होती. साबिराने अख्खी टोपलीच उचलली. घरी आल्यावर तिच्या लक्षात आले, एवढी करवंदे कोणी खाऊ शकत नाही, आणि ती दोन दिवसांत सडतात.

मग तिने मला चुलीवर चढवले. करवंदांचा तिने जॅम केला. कसा करतात हे तिला कोणी शिकवले नव्हते. एकदा करपवला, एकदा पातळ केला, तिसऱ्यांदा जमला. चार दिवसांनी बकरी ईद होती. मोहल्ल्यात घरोघरी कुर्बानीचे हिस्से जात होते. जी हिंदू घरे मटण खात नव्हती त्यांना काय पाठवायचे, हा दर वर्षीचा पेच होता, आणि त्या वर्षी साबिराकडे सात बरण्या जॅम होता. झाले. त्या ईदेपासून आमच्या घराचा रिवाज पडला. मटण चालते तिथे हिस्सा, चालत नाही तिथे करवंदांच्या जॅमची बरणी. ईद कुठल्याही महिन्यात आली तरी जॅम करवंदांच्या दिवसांतच करून ठेवायचा. बरणीच्या झाकणावर त्या ईदेच्या नव्या कपड्यांतून उरलेला तुकडा बांधायचा.

पुढच्या वर्षी भामा स्वतःच दारात टोपली घेऊन उभी राहिली. म्हणाली, "मी आनतंय करवंदा, तू कर जाम. पन पयली बरनी माजी." तेव्हापासून पहिली बरणी भामाची. तिच्या घरी मटण चालते, म्हणून तिला हिस्साही जातो आणि बरणीही. दोन्हीकडून खाणारी एवढी एकच.

मित्रांनो, माझी ती वर्षे सोन्याची होती, तांब्याची असून. भामाची परिस्थिती बदलली, जमिनीला भाव आला, तिच्या मुलाने, प्रणितने, बंगला बांधला आणि मोठी गाडी घेतली. तरी करवंदे काढायला भामा स्वतः डोंगरावर जाते. एसटीच्या पायरीवरून येणारी टोपली आता गाडीच्या डिकीतून यायची, एवढाच फरक. खाली पाने, वर पाने, मध्ये करवंदे. ती दारातूनच सांगायची, "रस्त्याचे कडंची नायत, वरचे अंगाची हायेत." साबिरा त्यातली मूठभर लाल, अर्धी कच्ची करवंदे मुद्दाम ठेवायची, कारण त्यांनी जॅम घट्ट बसतो. काळ्यांची गोडी आणि लालांचा आंबटपणा, दोन्ही लागतात.

आता मला तुम्हाला काशिरामबद्दल सांगायला हवे. काशिराम कल्हईवाला. तुमच्यापैकी पुष्कळांनी कल्हई पाहिलीच नसेल. तांब्याचे भांडे बाहेरून कितीही देखणे असले तरी आंबट पदार्थाशी त्याचे जमत नाही. आंबट त्यात राहिले की तांबे त्यात उतरते आणि खाणाऱ्याच्या पोटात जाते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप देतात. तीच कल्हई. काशिराम दर वर्षी करवंदांच्या आधी गल्लीत यायचा, जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता हलवायचा, मला लालबुंद तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. पांढरा धूर व्हायचा, पोरे खोकत पळायची. धूर विरला की माझे पोट चांदीसारखे पांढरे झालेले असे. काही महिन्यांनी ते काळपट, करड्या रंगाचे होई. दिसायला वाईट, पण तेच माझे चिलखत.

काशिराम बोलायला कंजूष माणूस. एकच गोष्ट दर वर्षी सांगायचा. "बाई, बाहेरून हवं तेवढं घासा. आत हात जपून."

साबिराने ते इतक्यांदा ऐकले की तिला ते श्वास घेण्यासारखे झाले. आणि इथेच माझ्या गोष्टीचे दुखणे आहे. जे आपल्या अंगवळणी पडते ते दुसऱ्याला सांगायचे असते, हे आपल्याला सुचतच नाही.

तीन वर्षांपूर्वी काशिरामचे गुडघे गेले. तो मुलीकडे राहायला गेला आणि गल्लीत भाता वाजेनासा झाला. साबिराने दोनचार ठिकाणी चौकशी केली. मग माझ्या आत डोकावून ती म्हणाली, "आहे अजून. या वर्षी चालेल." पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. मी तिला दोष देत नाही. पण मला कळत होते की माझ्या पोटावरचा लेप कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला आहे.

गेल्या वर्षीच्या थंडीत घरात सून आली. नशरा. साबिराच्या मुलाची, शहजादची बायको. शहजाद न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनरच्या कामाला आहे, कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला जातो. नशरा म्हसळ्याकडची, शिकलेली, बोलायला मऊ, आणि सगळ्यांना आवडायला हवे या काळजीने सदा वाकलेली. एखाद्याने चहा छान झाला म्हटले की तिचा दिवस चांगला जाई. कोणी काही न बोलता चहा प्यायला, की ती मोरीत जाऊन साखर कमी पडली का हे आठवत बसे.

मे महिन्यात साबिरा आणि मुश्ताक हजला निघाले. आयुष्यभराची इच्छा होती, नंबर लागला होता. घरात माणसांची रीघ. त्या गडबडीत साबिराने नशराला मोरीपाशी उभे करून माझ्यावर हात ठेवला आणि जॅमची सगळी कृती सांगितली.

"करवंदं मिठाच्या पाण्यात उकळायची, चीक निघून जातो. मग गाळायची, बी काढायची. गर रात्रभर पातेल्यातच झाकून ठेवायचा, मुरतो चांगला. सकाळी साखर. गराइतकीच साखर, कमी करू नकोस. लाकडी डाव सोडून दुसरं काही घालायचं नाही. थेंब बशीत टाकला आणि पसरला नाही, की झाला."

"अम्मी, आणि बरण्या?"

"नऊ. कोणाकोणाला, ते शहजादला माहीत आहे. पहिली भामाची." साबिराने तिच्या गालाला हात लावला. "घाबरू नकोस बेटा. पातेलं पस्तीस वर्षांचं आहे, तेच करून घेईल तुझ्याकडून."

एवढा विश्वास माझ्यावर. तो ऐकून मी फुगले होते, हे कबूल करते.

बाकी सगळे सांगितले. आतून घासू नकोस, एवढे सांगितले नाही.

भामाची टोपली ईदेच्या तीन दिवस आधी आली. नशराने मला फळीवरून काढले. बाहेरून माझ्यावर धूळ आणि काळे डाग. चिंच आणि मीठ लावून तिने मला चोळले. मी उजळले. मग तिने मला उजेडाकडे धरून आत पाहिले. आत करडे, काळपट, डागाळलेले पोट. तिच्या चेहऱ्यावर मला कळवळा दिसला. अम्मींचे वय झाले, डोळ्यांना दिसत नाही, भांडे आतून असे राहिले, असे काहीसे तिच्या मनात आले असावे. अम्मी परत येतील तेव्हा त्यांना हे पातेले नव्यासारखे दिसले पाहिजे, असे ती स्वतःशी पुटपुटली.

तिने तारेची घासणी घेतली. दोन दुपारी ती माझ्या पोटाशी बसली. नखे झिजली, बोटांना कापले, पण ती थांबली नाही. मित्रांनो, आता माझा गुन्हा ऐका. मला ते आवडले. पस्तीस वर्षांत कोणी मला इतक्या मायेने घासले नव्हते. करडा रंग निघत होता आणि खालून माझे खरे तांबूस अंग वर येत होते. मी आतून बाहेरून सारखे लाल झाले. नशराने मला पंख्याखाली ठेवले, फोनवर फोटो काढला आणि हसली. मी लाडावले. काशिरामचे वाक्य मला आठवत होते, पण त्या वेळी मला ते एका खवट म्हाताऱ्याची किरकिर वाटली. मी बोलू शकत नव्हते, ही माझी सबब आहे. पण बोलता आले असते तरी त्या दुपारी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही.

संध्याकाळी करवंदांचा गर माझ्यात आला आणि रात्रभर राहिला. सासूने सांगितले होते तसाच, झाकून. लाल करवंदांचा आंबटपणा माझ्या उघड्या पोटाला लागला. चुरचुरले. आंबट आणि तांबे यांची गाठ कल्हईने पस्तीस वर्षांत पडू दिली नव्हती, ती त्या रात्री पडली. मी त्या गरात थोडे थोडे विरघळत होते, आणि मला ते कळत होते.

सकाळी साखर पडली, जॅम आटला. रंग नेहमीपेक्षा काळा आला. साबिराने एक थेंब जिभेवर ठेवला असता तर तिथेच सगळे थांबले असते. नशराने ठेवला नाही, कारण तिला रोजा होता. ईदेच्या आदल्या दिवशी, तिकडे हाजी लोक मक्केजवळच्या अरफातच्या मैदानात दुआ मागत उभे राहतात त्या तिथीला, इकडे घरी राहिलेले पुष्कळ जण रोजा धरतात. सासूसासऱ्यांचा हज कबूल व्हावा म्हणून नशराने तो धरला होता. जॅम चाखल्याशिवाय भरला गेला तो असा. भक्तीनेच भरला गेला. थेंब बशीत पसरला नाही, नऊ बरण्या भरल्या, झाकणांवर तिच्या ईदेच्या नव्या जोड्यातून उरलेला हिरवा तुकडा बांधला. ईदेला सकाळी शहजादला कुर्बानीची धावपळ, म्हणून त्याने आदल्या दुपारीच स्कूटरवरून बरण्या पोचवल्या. आठ पनवेलमध्ये. भामाची नववी तो उरणच्या रस्त्याने कामावर जाताना देऊन गेला.

सूर्यास्ताची, मगरीबची अजान झाली. नशराने खजुराने रोजा सोडला. मग भाकरीच्या तुकड्याने तिने डावाला लागलेला जॅम पुसून खाल्ला.

तिचे तोंड वाकडे झाले. तिने पाणी प्यायले, पुन्हा थोडा चाखला. गोडाच्या मागून लोखंडी खिळा चोखल्यासारखी चव आली. थोड्या वेळाने तिला मळमळले. तिने मला हातात घेतले. माझ्या काठाशी हिरवट कड उमटली होती. ती कड तिने बोटाने पुसली आणि बोटाकडे बघत राहिली.

तिला तेव्हाच कळले होते, असे मी म्हणणार नाही. पण शंका आली होती, आणि शंका आली की फोन करायचा असतो. तिने केला नाही. दिवसभर उपाशी होते म्हणून मळमळतंय, असे ती स्वतःला सांगत राहिली. अम्मींनी पहिल्यांदा काही सोपवले आणि नऊ घरांत जाऊन सांगायचे की माझ्या हातचे खाऊ नका? पहिल्याच बकरी ईदेला? दोनदा तिने फोन उचलला आणि ठेवला. त्या रात्रीवरच सारे अवलंबून होते. मी मोरीत पालथे पडून होते आणि माझ्या लाल पोटाची मला पहिल्यांदा लाज वाटली.

ईदेच्या सकाळी शहजाद नमाजाहून आला. नशराने नवे कपडे घातले होते, पण चेहरा उतरलेला. त्याच्यासमोरच तिने भामाला फोन लावला. स्वयंपाकघरातच, स्पीकरवर लावला, म्हणून मला दोन्हीकडचे ऐकू आले.

"भामामावशी, ईद मुबारक. मावशी, जॅम खाल्ला का कोणी?"

"माजे नातीनी, स्नेहलनी खाल्ला नं. रातीच तीन चमचे खाल्ले. पन पोरगी पाहाटेपासून वकतंय गो. प्रनित डाक्टरकडं घेऊन गेलाय. उनाचा झाला असंल." मग भामाचा आवाज बदलला. "तू का इचारतस?"

नशराने माझ्याकडे पाहिले. भामानेच विचारले, "पातेला आतशी कसा दिसतंय?"

"लाल. मी घासलं, मावशी. एकदम चकाचक केलं."

मग भामा एवढेच म्हणाली, "कल्हय काढलीस तू, पोरी. बाकीच्या बरन्या पयल्या आन." आणि फोन ठेवला. डॉक्टरला सांगायला धावली असणार.

शहजादने नशराला पाणी दिले. तो वाईट मुलगा नाही, पण त्याला घराची इभ्रत आठवली. तो म्हणाला, "आपण सांगू, एका बरणीत काचेचा तुकडा सापडला. म्हणून सगळ्या परत घेतोय. तुझं नाव नको यायला."

"आणि ज्यांनी खाल्लं असेल ते?" नशरा म्हणाली. "त्यांना काचेची दवा देतील. नाही. मी सांगते."

दिलेली भेट परत मागायला जाणे काय असते, मित्रांनो, ते तुम्हाला ठाऊक नसू दे. ईदेच्या दिवशी, नव्या कपड्यांत, ती शहजादच्या मागे स्कूटरवर बसली आणि आठ दारे फिरली. प्रत्येक दारात तिने तेच सांगितले. माझ्या हातून पातेल्याची कल्हई गेली, जॅममध्ये तांबं उतरलंय, खाऊ नका, परत द्या. पातेल्याला पाय नसतात. पण परत आलेल्या बरण्या तिने माझ्यातच रिकाम्या केल्या, आणि एकेक बरणी उपडी करताना ती शहजादशी बोलत होती, म्हणून मला सगळे कळले.

कोणी म्हणाले, अगं होतं असं, बस, पाणी घे. कोणी बरणी दारातूनच दिली आणि दार लावले. मागच्या गल्लीतल्या काळूराम गुरुजींनी अर्धी बरणी संपवली होती. "मला तर छान लागला," असे ते म्हणाले, आणि नशराने त्यांना रडत रडत डॉक्टरकडे पाठवले. त्यांना काही झाले नाही. जुने हाड. नवीन पनवेलची मिताली, शहजादची शाळेपासूनची मैत्रीण, तिच्याकडची बरणी उघडलीच नव्हती. ती दाराशीच एका पिशवीत पडून होती. "अरे, आमच्याकडे जॅम कोणी खात नाही, मी कामवाल्या मावशींना देते दर वर्षी," असे ती सहज बोलून गेली. ते ऐकून शहजादला वाईट वाटले. मला मात्र आनंद झाला, आणि असा आनंद व्हावा याचेही वाईट वाटले. मितालीच्या मावशी त्या दिवशी सुट्टीवर होत्या.

आठ बरण्या परत आल्या. शहजादने मागच्या अंगणात खड्डा खणून तो जॅम पुरला.

दुपारी प्रणितचा फोन आला. स्नेहलला सलाइन लावले होते, धोका नव्हता, पण दोन दिवस ठेवणार होते. शहजादने माफी मागितली. प्रणितने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, तुम्ही मुद्दाम केलं नाही, माहीत आहे मला. पण माझी पोर आहे. आता यापुढे तुमच्याकडचं काही नको. विषाची परीक्षा पुन्हा कोण घेणार?" गावात लोक काय काय बोलले तेही त्याने सांगितले. ते मी इथे सांगणार नाही. चूक एका पातेल्याची होती, आणि लोक ती भलत्याच गोष्टींना चिकटवत होते.

संध्याकाळी हाजींच्या तंबूंच्या तळावरून, मिनाहून, साबिराचा फोन आला. आवाज बसलेला, मागे माणसांचा कल्लोळ.

"ईद मुबारक बेटा. जॅम गेला का सगळ्यांकडे?"

"गेला, अम्मी." नशराने डोळे मिटले. "आणि परत आणला."

तिने सगळे सांगितले. घासणी, रोजा, डावावरची चव, न केलेला फोन, स्नेहल. काहीच लपवले नाही. साबिराने एकच विचारले.

"आतून घासू नको, हे मी सांगितलं नव्हतं ना तुला?"

"नाही, अम्मी."

"मला वाटलं, हे काय सांगायचं." साबिरा म्हणाली. "तीन वर्षं कल्हई केली नाही ती मी. तुझ्यावर टाकून आले ती मी. तू रडू नकोस. मी इथे दुआ मागते त्या पोरीसाठी."

हजहून परतल्यावर साबिराने मला एकदाच हातात घेतले. आत पाहिले, बोट फिरवले. मग माळ्यावर नेऊन पालथे ठेवले. ती मला शिव्या घालती तर बरे झाले असते. माळ्यावर मी वर्षभर होते. उंदीर माझ्यावरून गेले, पाल माझ्याखाली राहिली. कौतुक करणारे कोणी नव्हते, आणि ते बरोबरच होते. खालून आवाज यायचे. नशरा कमी बोलायची. जेवायला वाढण्याआधी प्रत्येक गोष्ट दोनदा चाखायची. फोन वाजला की ती आधी विचारायची, कोणाचा? तो भामाचा कधीच नसायचा. साबिराने दोनदा केला, प्रणितने उचलला, आई शेतावर आहे म्हणाला.

या मे महिन्यात, ईदेला आठवडा असताना, दारात एक रिक्षा थांबली. माळ्याच्या झरोक्यातून मला आधी पाने दिसली, मग टोपली, मग भामा. या वेळी गाडी नव्हती. चिरनेरपासून दोन एसट्या बदलून, टोपली मांडीवर घेऊन ती आली होती. मुलाला न विचारता आली होती, हे सांगायला कोणी लागत नव्हते.

साबिरा दारात उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. भामा म्हणाली, "बगतस काय? करवंदा थांबतान काय तुज्यासाठी?"

मग तिने मला खाली काढायला लावले. मला वाटले, माझ्यावरच पुन्हा चढवणार. म्हातारपणी आशा फार चिवट असते. भामाने माझ्या पोटात हात घातला, कोपरापर्यंत, आणि चाचपले. तांबेच होते. "यात नाय," ती म्हणाली. "कल्हय होयपर्यंत यात पानीपन नाय."

गर रात्रभर न ठेवता जॅम त्याच दिवशी स्टीलच्या पातेल्यात झाला. तेही भामाने आधी आतून हाताने तपासले. स्टीलला कल्हई नसते हे तिला ठाऊक आहे, तरी तपासले. मी शेजारी ओट्यावर होते. नशरा डाव फिरवत होती. या वेळी तिला रोजा नव्हता. काशिरामचा पत्ता साबिराने त्याच दुपारी फोनवरून मिळवला. तो कल्हई करत नाही आता, पण कोण करतो ते त्याला ठाऊक आहे.

पहिली बरणी भरली. झाकणावर कापड बांधायला नशराने घेतले, आणि तिचे हात थांबले.

"मावशी, स्नेहलला नका देऊ. तुम्हीच खा."

"ती बोलली," भामा म्हणाली, "साबिरा आजीकडची बरनी आन." मग तिने पदराने तोंड पुसले. "पन बोलली, पयली काकीला खायला सांग. तुज्यासमोर. मंगच आन."

सहा वर्षांची पोर आता सात वर्षांची झाली होती, आणि एवढे शिकली होती. ते तिला मी शिकवले, मित्रांनो. मी आणि माझ्या चकाकीने.

नशराने चमचा घेतला. बरणीतला जॅम तोंडात घातला, गिळला. मग दुसरा चमचा. मग तिसरा. तीनच. का, ते तिघींनाही माहीत होते. भामा आणि साबिरा तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. कोणी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने भामाने झाकण लावले, कापड स्वतः बांधले आणि बरणी टोपलीत ठेवली.

आता या घराचा रिवाज असा झाला आहे. पहिली बरणी करवंदे आणणाऱ्याची, पण पहिला चमचा करणाऱ्याचा.

मी सध्या ओट्याच्या कोपऱ्यात आहे, तोंड वर करून. पुढच्या आठवड्यात मला कल्हईला नेणार आहेत असे म्हणतात. नेतील किंवा राहून जाईल, माझा भरवसा फार नाही. पण तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी नवे माणूस आले आणि तुम्ही त्याच्या हाती काही सोपवले, तर जे सांगण्यासारखे नाही असे वाटते, तेच आधी सांगा. आणि तुम्ही स्वतः नवे असाल, शंका आली असेल, तर रात्र जाऊ देऊ नका. लाज एका दिवसाची असते.

भामा गेल्यापासून नशरा रोज संध्याकाळी फोन जवळ ठेवून बसते. स्नेहलने बरणी उघडली की नाही, ते अजून कळलेले नाही.